मोजणीवाले आजोबा

शिकारीच्या बाबतीत ज्यांचं ऋण मी मानते, त्यांनी मला पहिल्या वर्षी शिकारीची माहिती विकणाऱ्या एकाही सेवेची वर्गणी भरू दिली नाही. मी चार ॲप आणि दोन संकेतस्थळांची नावं कागदावर लिहून त्यांच्याकडे गेले होते, समोर दर लिहिलेले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद पाहिला आणि म्हणाले, "पोरी, तुला नेमकं काय माहीत करून घ्यायचंय ते आधी सांग. मग पैसे कुठे द्यायचे ते मी सांगतो." मला सांगता आलं नाही. कागद घडी करून त्यांनी परत दिला आणि कॉफी ठेवली.

ते आमचे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्समधले शेजारी. हयातभर जमिनीची मोजणी केलेले, त्यामुळे आमच्या घरात त्यांचं नाव पडलं ‘मोजणीवाले आजोबा’. मी मूळची कोल्हापूरची. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जुन्या माणसांच्या गप्पांत उरली. कोलोरॅडोत ती सरकारी वेळापत्रकात आहे. कुठल्या भागात किती एल्क मारू द्यायचे हे इथला वन्यजीव विभाग ठरवतो, तेवढे परवाने काढतो, आणि त्या पैशांवर विभागाचा मोठा गाडा चालतो. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड जनावर. एका शरद ऋतूत आजोबांनी पांढऱ्या कागदात गुंडाळलेला एक गठ्ठा कुंपणावरून दिला. मी त्याचं सुकं करून अर्धं परत पाठवलं. पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर येऊ का, असं मी विचारलं ते त्या सुक्याच्या बळावर.

इथे १९४९पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला शिकाऱ्याचा कोर्स करावाच लागतो. तो मी केला. त्यानंतरचा सगळा हिवाळा आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेला. बंदुकीचं नावही निघालं नाही. टेबलावर होती विभागाची फुकट पुस्तिका आणि संकेतस्थळावरून छापून घेतलेले मागच्या वर्षीच्या ड्रॉचे, म्हणजे परवान्यांच्या सोडतीचे, तक्ते. कोलोरॅडोचे शिकारीसाठी पावणेदोनशेच्या वर तुकडे पाडलेले आहेत, त्यांना युनिट म्हणतात. अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत. परवाना मिळाला नाही तर एक पॉइंट जमा होतो, आणि पुढच्या वर्षी ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. चांगल्या युनिटांना पॉइंट साठवणाऱ्यांची रांग दरवर्षी लांबत जाते. ही पॉइंटांची महागाई इतकी आहे, की काही युनिटांसाठी माणसं वीस-वीस वर्षं थांबतात.

आजोबांनी शिकवलेली पहिली युक्ती कुठल्याही पैसे घेणाऱ्या सेवेने मला आधी सांगितली नसती. कोलोरॅडोच्या अर्जात चार पसंतीक्रम असतात. पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिली पसंती लागली तर. तेव्हा पहिल्या जागी ‘नुसता पॉइंट’ मागायचा आणि दुसऱ्या जागी मादीचा परवाना, जो पुष्कळ युनिटांत दुसऱ्या पसंतीवरही निघतो. पॉइंट साठत राहतो आणि त्याच वर्षी डोंगरही चढता येतो. कुठल्या युनिटात दुसऱ्या पसंतीला किती जणांना परवाना लागला, हे तक्त्यात छापलेलं असतं. बारीक अक्षरात आणि शेकडो पानांत, पण असतं. आजोबा पट्टी ठेवून ओळ वाचायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायची. त्या कंटाळवाण्या कामात मला युनिटांचे नंबर, हंगामांच्या खुणा आणि मागणीचा कल असा पाठ झाला, की पुढे पैसे भरून एक सेवा घेतली तेव्हा तिच्या पडद्यावरचा आकडा कुठून आला हे मला पाहताक्षणी कळत होतं.

या सेवा दोन जातींच्या आहेत, आणि नवखा माणूस त्यांची गल्लत करतो. एक जात सांगते परवाना कुठे लागेल. ‘गोहंट’ हे त्यातलं आजचं मोठं नाव. राज्य, प्राणी आणि तुमचे पॉइंट टाकले, की युनिटांची यादी येते: ड्रॉची शक्यता, शिकार साधण्याचं प्रमाण, सरकारी जमीन किती टक्के. युटामधल्या सीडर सिटीचं ‘हंटिंग फूल’ हे मासिक सभासदांशी फोनवर बोलून सल्लाही देतं. वायोमिंगमधल्या पॉवेल गावच्या ‘ईस्टमन्स’चा असाच जुना पसारा आहे. या सगळ्यांचा कच्चा माल बहुतेक एकच, राज्यांनी फुकट छापलेले आकडे. पैसे मोजायचे ते हे आकडे लावून देण्याचे. कोलोरॅडोत एल्कसाठी बहुतांशी ज्याचे पॉइंट जास्त तो पुढे, असा सरळ हिशेब असल्याने तक्ता आणि पट्टी पुरते. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत तर पॉइंटच नाहीत. पण नेवाडात तुमच्या बोनस पॉइंटांचा वर्ग करून तितक्या चिठ्ठ्या तुमच्या नावाने वाढतात. तिथे कागदावर गणित करायला बसलं तर रात्र जाईल. तीन-चार राज्यांत अर्ज करणाऱ्याला वर्षाचे दीडशेच्या घरातले डॉलर वसूल होतात. एकाच राज्यात राहून तिथेच शिकार करणाऱ्याला होत नाहीत. हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते आजोबांच्या टेबलावर बनलेलं आहे.

दुसरी जात सांगते पाय कुठे ठेवायचा. तिच्यासाठी मात्र त्यांनी दुसऱ्या वर्षी स्वतःहून पैसे भरायला लावले. एका राज्याचे तीस-पस्तीस डॉलर, सगळ्या राज्यांचे शंभराच्या आसपास. मोंटानातल्या मिझूला गावी २००९मध्ये सुरू झालेल्या ‘ऑनएक्स’ने जमिनीची मालकी आधी जीपीएस यंत्राच्या चिपवर आणि मग फोनवर आणली. डोंगरात उभं राहून सातबारा उघडावा तसं ते आहे. बोट ठेवा, मालकाचं नाव येतं. वनखात्याची जमीन हिरवी, भूव्यवस्थापन खात्याची पिवळी, राज्याची निळी. कोलोरॅडोत जमीनमालकाने पाटी लावलीच पाहिजे असं बंधन नाही. पाटी नव्हती म्हणून आत शिरलो, हे उत्तर चालत नाही. परवानगी आधी घ्यायची, आणि ती कोणाची घ्यायची हे आधी कळायला हवं. निळ्या रंगालाही भुलू नये. इथली राज्याची सगळी जमीन शिकारीला खुली नसते, काहीच तुकडे खुले असतात.

ॲप घेतल्यावर आजोबा मला कॅमेरॉन पासची खिंड ओलांडून नॉर्थ पार्कमध्ये, वॉल्डनच्या पुढे घेऊन गेले. हंगाम नव्हता. सेजच्या झुडपांतून काठीने चाचपत ते एका जागी थांबले, गुडघा धरून खाली बसले आणि हातमोज्याने माती झाडली. जमिनीत रोवलेल्या लोखंडी नळीवर पितळेची टोपी होती, हिरवट पडलेली. तिच्यावर आडवी-उभी रेघ, चार बाजूंना चार आकडे, खाली वर्ष. हा सेक्शनचा कोपरा. पश्चिमेकडची बहुतेक जमीन अशा एक मैल लांब-रुंद, ६४० एकरांच्या चौकोनांत मोजलेली आहे, आणि असे ३६ चौकोन मिळून एक टाउनशिप होते. ही टोपी उचकटणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे. "आता फोन काढ," ते म्हणाले. फोनवरचा निळा ठिपका त्या टोपीपासून चार-पाच पावलं पलीकडे उभा होता आणि ॲपमधली रेघ आणखी तिसरीकडून जात होती. "ही रेघ काउंटीच्या कागदावरून काढलेली आहे. मोजणी करून नव्हे. तेव्हा रेघेच्या आत पन्नास पावलं राहायचं, आणि मालकाशी वाद घालायला फोन दाखवायचा नाही." उठताना त्यांनी ती माती पुन्हा टोपीवर लोटली. का, ते मी विचारलं नाही.

या कोपऱ्यांवरून पुढे मोठं प्रकरण झालं. रेल्वेला १८६०च्या दशकात एकाआड एक सेक्शन दिल्यामुळे वायोमिंगमध्ये सरकारी आणि खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी झाली आहे. सरकारी चौकोनातून सरकारी चौकोनात जायचं, तर कोपऱ्यावरूनच पाऊल टाकावं लागतं. मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१मध्ये एल्क माउंटनजवळ अशा कोपऱ्यावर शिडी उभी करून खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे पाऊल टाकलं. फौजदारी खटल्यात २०२२मध्ये ज्यूरीने त्यांना सोडलं. जमीनमालकाच्या दिवाणी दाव्यात त्यांच्यापैकी एकाच्या नकाशा-ॲपमधली एक खूणही वादाचा मुद्दा झाली. मार्च २०२५मध्ये डेन्व्हरच्या दहाव्या सर्किट न्यायालयाने निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. मी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "कोपरा सापडायला आधी मोजणीवाला लागतो, हे निकालपत्रात लिहिलंय का बघ." धंद्याचा अभिमान!

दोन्ही जातींच्या सेवांना जे येत नाही ते आजोबांनी जुन्या १:२४,००० च्या कागदी नकाशावर रंगीत पेन्सिलीने शिकवलं. तपकिरी रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा. त्या मध्येच एकमेकींपासून लांब होऊन सपाटी सुटली, तर तिथे जनावर बसतं. ऊन चढल्यावर ते उत्तरेकडच्या दाट झाडीच्या उतारावर जातं, कारण तिथे गारवा असतो. सकाळी जमीन तापली की वारा वर वाहतो, संध्याकाळी खाली, म्हणून सकाळी वरून यायचं आणि संध्याकाळी खालून. ॲपमध्ये जुन्या वणव्यांचा थर असतो. जळून काही वर्षं झालेल्या रानात कोवळं गवत येतं, तिथे एल्क चरायला उतरतात. हा थर त्यांना फार आवडला. "याचे पैसे मी देईन," म्हणाले. बाकी सूचना घरगुती होत्या: नकाशा घरीच उतरवून घ्यायचा, कारण पासपलीकडे फोनला रेंज नाही. थंडीत बॅटरी मरते म्हणून फोन आतल्या खिशात. आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, तेव्हा ती कधी कापली जाणार याची तारीख कॅलेंडरवर लिहायची. ती तारीख आजही माझ्या फ्रिजवर असते.

पुढे मला परवान्यावरची मादी मिळाली तेव्हा आजोबांचे गुडघे गेले होते, ते खाली गाडीपाशी थांबले होते. चार फऱ्यांत मांस खाली आलं. इथे खाण्याजोगं मांस रानात टाकणं गुन्हा आहे. हरणांना होणाऱ्या सीडब्ल्यूडी रोगाची तपासणी होऊन निकाल येईपर्यंत काहीही शिजवलं नाही. मग कांदा-लसूण चटणी घालून रस्सा केला. एल्कच्या मांसाला चरबी अशी नाहीच, कोल्हापुरी माणसाने तेल हात सैल सोडून घालावं. आजोबांनी डोळ्यांतून पाणी काढत दोनदा वाढून घेतलं.

आता ते लेकीकडे ॲरिझोनात असतात. तिथे एल्कचा अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतात. वीस टक्के परवाने सर्वांत जास्त बोनस पॉइंटवाल्यांना, बाकीच्यांना संगणक यादृच्छिक आकडे वाटतो आणि ज्याचा आकडा सर्वांत लहान त्याचा नंबर आधी. पट्टी आणि पेन्सिल चालेना, तेव्हा मला नको म्हणालेली तीच दीडशे डॉलरांची सेवा त्यांनी स्वतः घेतली. मी तिचे पैसे भरले, तर त्यांनी तेवढ्याच रकमेचा चेक टपालाने पाठवला. तो मी वटवलेला नाही, आणि त्यावरून आमचं फोनवर भांडण चालू असतं.

इकडे मराठी मंडळींपैकी हल्ली कोणी कोणी मला विचारतात, कुठलं ॲप घेऊ. त्यांना माझं सांगणं एवढंच: पहिल्या वर्षी विभागाची पुस्तिका आणि ड्रॉचे तक्ते छापून घ्या, आणि विभागाच्या हंट प्लॅनरना फोन करा. ते सविस्तर बोलतात आणि पैसे घेत नाहीत. नकाशाची वर्गणी परवाना हातात आल्यावर भरा. टेबल हवं असेल तर आमच्याकडे या, तक्ते मी काढून ठेवते. एप्रिलचा पहिला मंगळवार मात्र चुकवू नका.