एक खाली, एक वर

रक्ताचा रिपोर्ट वाचायची आपल्या घरांमध्ये एक ठरलेली पद्धत असते. पानं भराभर उलटायची, ठळक छापलेले किंवा शेजारी तारा असलेले आकडे तेवढे शोधायचे आणि तिथे बोट ठेवून काळजीला लागायचं. बाकीच्या चाळीस आकड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात आधी लाल रेघा शोधायचो, तसंच!

पण हा काही पास-नापासाचा निकाल नव्हे. रिपोर्टात उजवीकडे जी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, ती बनते कशी? ढोबळ मानाने असं, की पुष्कळशा निरोगी माणसांचं रक्त तपासतात, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडतात आणि मधले ९५ टक्के ठेवून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापून टाकतात. म्हणजे ज्या धडधाकट लोकांवरून ही पट्टी तयार केली, त्यांच्यातलाच विसातला एक जण पट्टीबाहेर! आता एका वेळी वीस तपासण्या केल्या तर ठणठणीत माणसाचा एकही आकडा बाहेर न जाण्याची शक्यता उरते जेमतेम ३६ टक्के. (तपासण्या एकमेकींपासून अगदी सुट्या नसतात, त्यामुळे हिशेब ढोबळच धरा.) 'फुल बॉडी चेकअप'मध्ये साठ-सत्तर तपासण्या असतात. एखादा तारा नाही आला तरच नवल.

साखर आणि कोलेस्टेरॉलची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या रेषा निरोगी लोकांच्या सरासरीवरून नव्हे, तर कुठल्या आकड्यापुढे धोका वाढतो यावरून आखलेल्या असतात. पण उपाशीपोटीची साखर ९९ असलेला सुखरूप आणि १०१ वाला आजारी, असं तिथेही नसतं.

शिवाय एकेका आकड्याला कारणं किती! आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं की ट्रायग्लिसराइड वर. रक्त काढताना किंवा नळीत हिंदकळून पेशी फुटल्या की पोटॅशियम वर. दोन दिवस जोरात व्यायाम केला की लिव्हरच्या म्हणून मोजतात ती एन्झाइम्सही थोडी वर, कारण ती स्नायूंमध्येही असतात. म्हणून डॉक्टर जेव्हा 'काही नाही, महिन्याने पुन्हा करू' म्हणतात, तेव्हा ते आपल्याला टाळत नसतात.

हे सगळं खरं. पण यातून 'किंचितच आहे ना, मग सोडून द्या' असं सूत्र काढलं की घोळ होतो. काठावरच्या आकड्याकडे एकट्याने बघायचं नसतं, त्याच्या शेजाऱ्यांसकट बघायचं असतं. आमच्या ताईच्या रिपोर्टाने मला हे शिकवलं. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही बाई, म्हणजे मला प्रत्येकाला फोनवर सांगत बसायला नको."

ताईचं हिमोग्लोबिन कायम ११ च्या आसपास. बायकांसाठी रेषा १२ ची, त्यामुळे दरवेळी खाली एक तारा. "रक्त कमी आहे" हे वाक्य तिने पहिल्या बाळंतपणापासून ऐकलंय. मग लोहाच्या गोळ्या, त्यांनी होणारी बद्धकोष्ठता, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी... पंधरा-वीस वर्षं हे चाललं आणि आकडा कधी साडेअकराच्या वर गेला नाही. "तू नीट खातच नाहीस" हे वर ऐकून घ्यायचं. जणू तिचाच काही आळस!

मागच्या वर्षी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तोच साधा सीबीसीचा कागद जरा वेगळा वाचला. हिमोग्लोबिन ११.२, खाली. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ६४. तो ८० च्या पुढे हवा, म्हणजे तोही खाली. पण तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख, म्हणजे चक्क वर! हा वरचा तारा इतकी वर्षं प्रत्येक रिपोर्टात होता, पण 'जास्त आहे म्हणजे चांगलंच' अशा समजुतीने त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. लोह कमी पडलं तर शरीर पेशी लहान करतं, तशा कमीही करतं. इथे पेशी लहान, पण संख्येने भरपूर. म्हणजे कच्चा माल पुरेसा आहे, साचाच जरा वेगळा आहे.

यासाठी एक सोपा भागाकार आहे, १९७३ साली मेंट्झर यांनी सुचवलेला. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने (दहा लाखांत) भागायचं. उत्तर १३ च्या वर आलं तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता जास्त, १३ च्या खाली आलं तर थॅलसेमिया मायनरची. ताईचं ६४ भागिले ५.६, म्हणजे ११.४. पुढे फेरिटिन तपासलं, तर शरीरातला लोहाचा साठा उत्तम. मग एचपीएलसी नावाची तपासणी झाली. त्यात हिमोग्लोबिन ए-२ निघालं ५.२ टक्के. ते साधारण साडेतीनच्या आत असतं.

म्हणजे ताई थॅलसेमियाची वाहक आहे. हा आजार नव्हे. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, औषध लागत नाही, फक्त हिमोग्लोबिन थोडं कमी राहतं. ते तिचं 'नॉर्मल'च. हे कळल्यावर ती पहिलं वाक्य म्हणाली, "म्हणजे मी नीटच खात होते तर!" मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पण प्रश्न तिच्यापुरता नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक. तशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला आयुष्यभर औषधं. भारतात साधारण शंभरात तीन-चार जण वाहक असतात. सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली लोकांत जास्त, पण 'आपल्यात नसतं' असं म्हणायची सोय कुणालाच नाही. सायप्रसमध्ये हे प्रमाण इतकं होतं की तिथे १९७० च्या दशकापासून लग्नाआधीच तपासणी सुरू झाली आणि अशी मुलं जन्मणं जवळपास थांबलं.

आमच्याकडे मग रांगेने तपासण्या झाल्या. आई वाहक निघाली, म्हणजे ताईकडे हे तिच्याकडूनच आलं. मी नाही, धाकटा भाऊ आहे. ताईची लेक आहे. तिचं लग्न ठरत होतं. साखरपुड्याआधी तिने स्वतःच मुलाला सांगितलं, त्याने तपासून घेतलं, तो वाहक नाही. असता तरी लग्न मोडायचं कारण नव्हतं. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. फक्त आधी माहीत हवं.

मावशीला मात्र हे पटलेलं नाही. "अगं, अजून पोरींची लग्नं व्हायचीयत, कशाला बोभाटा?" असं ती म्हणते. तिची भीती मला कळते. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत 'काहीतरी आहे' एवढं वाक्य पुरतं. पण मावशी, लपवून ते रक्तातून जाणार नाही गं. उलट ज्या घरात ते कुणाला ठाऊक नाही, तिथेच त्याचा घात होतो.

तेव्हा आजोळकडच्या सगळ्या मंडळींना एवढंच सांगणं, की घरातला कुठलाही जुना सीबीसी काढा आणि तो भागाकार करा. तो फक्त इशारा आहे, निदान नव्हे. लोह कमी असेल तर ए-२ चा आकडाही फसवा येऊ शकतो, म्हणून पुढचं डॉक्टरांना विचारूनच. मीही काही डॉक्टर नाही. पण बिट्टू आणि शमाचं यंदा बघायला सुरुवात करणार आहात ना? मग पत्रिका काढाल त्याच आठवड्यात हेही होऊन जाऊ द्या. कुणाला लॅबमध्ये एकटं जायला नको वाटत असेल, तर मी येईन बरोबर.