पहिला अतिचार

संध्याकाळचे प्रतिक्रमण आमच्या घरी गेली चाळीस वर्षे दिवाणखान्याच्या एकाच कोपऱ्यात होत आले आहे. वडील गेल्यानंतर त्यांच्या जागी माझी बैठक पडू लागली, एवढाच काय तो बदल. गेल्या चातुर्मासात एके दिवशी पहिल्या अणुव्रताचे अतिचार म्हणत असता गॅलरीतून कटकट असा आवाज सारखा येत होता. कापशा, माझ्या नातीचा ससा, पिंजऱ्याची तार दातांनी ओढत होता.

बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. ही पाच नावे मी आयुष्यात किती वेळा उच्चारली असतील याची गणती नाही. भुसाराच्या आडतीत जन्म गेलेल्या माणसाला त्यांतला अतिभार लवकर समजतो. हमालाच्या पाठीवर क्विंटलभराचे पोते चढताना वडील दुसरीकडे पाहू लागत, ते मी लहानपणापासून पाहिले होते. बंध म्हटले की मात्र माझ्या डोळ्यांपुढे दावणीचा बैल उभा राहत असे. तो शेतकऱ्याचा विषय, आपल्या दारी ना गाय ना बैल, अशी माझी समजूत. त्या संध्याकाळी तो शब्द आणि तो आवाज एकाच क्षणी कानी पडले आणि पुढचा पाठ माझ्याकडून चुकला.

कापशा आमच्याकडे येऊन तेव्हा चार महिने झाले होते. नातीच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली, नव्या गावी ससा नेणे त्यांना जमेना, म्हणून तो पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. माझ्या आईला आम्ही सारे बाई म्हणतो. बाईंचा पहिला प्रश्न होता, "विकत आणला का?" नाही म्हटल्यावर त्या गप्प राहिल्या, पण नाराजी लपली नाही. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना पोपट, मैना, मांजर, कुत्रा यांच्या पाळण्याचाही समावेश केला आहे, हे बाई जाणून होत्या. हौसेखातर जीव पाळू नये, हे त्यांचे मत आजही बदललेले नाही. पण दारी आलेल्या जिवाला हाकलायचे कोठे?

"शेतात सोडून द्या," असे सुचवणारे पुष्कळ भेटले. सोडून देणे हा शब्द कानाला गोड लागतो. आपल्या माळावर दिसतो तो रानससा वेगळा प्राणी. तो बीळ करीत नाही, गवतातल्या खळग्यात बसतो आणि वेळ आली की वाऱ्यासारखा पळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडण्यास मनाई आहे. घरात पाळतात तो ससा मूळचा युरोपातला. बिळे करून कळपाने राहणाऱ्या जातीचा. पांढराशुभ्र, माणसाळलेला तो जीव आपल्या माळावर सोडला तर एक रात्रही काढील की नाही, शंका आहे. बंध तोडायचा म्हणून वध पदरी घ्यायचा, असा तो हिशेब झाला असता.

त्या रात्री मी वडिलांच्या कपाटातील श्रावकाचाराची पुस्तके काढली. जुन्या टीकाकारांनी बंधाचा विचार किती बारकाईने केला आहे, हे वाचून मी थक्क झालो. कारणाशिवाय बांधणे तर वर्ज्यच. कारण असले तरी गाठ सैल असावी, आग लागल्यास जनावराला सुटता यावे. आणि त्याही पुढे जाऊन त्यांनी म्हटले आहे की श्रावकाने शक्यतो असेच जीव बाळगावेत, ज्यांना बांधावे लागणार नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा 1960 चा कायदाही हालचालीला पुरेशी जागा नसलेला पिंजरा हा गुन्हा मानतो. पण कायदा पिंजऱ्याच्या मापाशी थांबतो. आमचा पिंजरा दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद होता. दुकानात कांद्याची एक गोणी आडवी टाकली तर त्याहून अधिक जागा लागते.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याचे दार उघडले. कापशा दोन तास बाहेरच आला नाही.

सशाला घरात मोकळे ठेवायचे म्हणजे घराने स्वतःला बांधून घ्यायचे, हे आम्हांला आठवडाभरात उमगले. सशाचे दात जन्मभर वाढतात. कुरतडल्यावाचून त्याला गत्यंतर नाही. पहिला बळी फोनच्या चार्जरचा, दुसरा माझ्या बैठकीच्या काठाचा आणि तिसरा उधारीच्या वहीचा. (शेवटचे कारण करसल्लागाराला सांगण्याजोगे नव्हते.) मग साऱ्या वायरी प्लॅस्टिकच्या नळ्यांत घातल्या, वह्या वरच्या फळीवर गेल्या. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरत, म्हणून दुकानातले बारदान अंथरले. पण तो सुतळी ओढून गिळू लागला, तेव्हा त्या जागी सतरंज्या आल्या. ससा खाता खाताच विधी उरकतो, हे कळल्यावर कोपऱ्यात कागद घातलेला पसरट ट्रे ठेवून त्याच्या काठाशीच गवताची जुडी ठेवली, आणि निम्मा त्रास संपला. उरलेला निम्मा नर ससा आपली हद्द आखतो त्याचा. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय डॉक्टरांनी सुचवला. निर्लांछनकर्माचा विषय निघाला, घरात दोन दिवस चर्चा झाली. अखेर सून म्हणाली, "पुसणारी मी आहे ना, मग राहू द्या." तिच्या वाट्याला ते काम सगळेच येऊ नये म्हणून एक फडके आता माझ्याही नावावर आहे. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कळपाच्या जातीचा हा जीव आमच्याकडे एकटाच आहे. जोडी आणली तर पुढे पिलांचे काय, या भीतीने आम्ही तो विचार सोडला. एवढा बंध शिल्लक आहे.

खाण्याचा प्रश्न मात्र बाईंनी परस्पर सोडवला. ससा म्हणजे गाजर असे चित्राच्या पुस्तकांनी सर्वांना शिकवले आहे. आमच्या घरात कंदमूळ शिरत नाही. डॉक्टरांनी सांगितले की गाजरातली साखर त्याला जास्त होते. त्याचे खरे अन्न वाळलेले गवत, जोडीला थोडा हिरवा पाला. पण चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी बंद असते. बाई म्हणाल्या, "व्रत आपण घेतले, त्याने नाही." त्या स्वतः मेथीचे एकेक पान उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी पाहून मग त्याच्यापुढे ठेवीत. स्वतःसाठी पाला निवडतानाही त्यांनी इतका वेळ कधी दिला नसेल. चौविहाराचेही तसेच. सशाच्या आतड्याला रिकामे राहणे सोसत नाही, म्हणून रात्रभर त्याच्यापुढे गवत हवेच.

ससा दिवसा झोपतो आणि पहाटे व संध्याकाळी जागतो. म्हणजे नेमका आमच्या दोन्ही प्रतिक्रमणांच्या वेळी. मी बैठकीवर असलो की तो खोलीभर धावे, मध्येच हवेत उडी घेऊन अंग वळवी. आनंद झाला की ससे अशी उडी घेतात. गॅलरीतल्या चार महिन्यांत ती उडी आम्ही एकदाही पाहिली नव्हती.

आणि मग मार्गशीर्षातली ती पहाट आली. दिवा न लावता मी फोन घ्यायला उठलो. मालाची गाडी रस्त्यात बंद पडली होती. दोन पावले टाकली असतील, तोच टाचेखाली काहीतरी मऊ लागले. ससा ओरडत नाही, असे मी समजत होतो. तो ओरडला.

मागच्या पायाचे बोट मोडले होते. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि बजावले, बोटापेक्षा पोटाकडे लक्ष द्या. दिवसभर काही खाल्ले नाही तर जीव जाईल. कापशा कोपऱ्यात पाठमोरा बसून राहिला. ईर्यासमितीवरची किती प्रवचने मी ऐकली होती. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, हे नातीलाही मीच शिकवले होते. दुपारी मी माळ्यावरून पिंजरा काढून आणला. त्याच्याच भल्यासाठी, असे म्हणालो.

बाई सतरंजीवर बसून सिरिंजने त्याला पातळ खाद्य भरवीत होत्या. त्यांनी वर पाहिले. "चूक तुझ्या पायाची, आणि पिंजरा त्याला?"

मी पिंजरा तेथेच ठेवला. त्या रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. मेघकुमाराची कथा आपल्या घरांत कोणाला ठाऊक नाही? मागच्या जन्मी तो हत्ती होता. वणव्यातून वाचायला जमलेल्या प्राण्यांच्या गर्दीत त्याने अंग खाजवायला पाय उचलला, आणि तेवढ्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. अडीच दिवस त्याने तो पाय खाली टेकवला नाही. बाईंनी ती कथा काढली नाही, मीही नाही. पण रात्री दोनच्या सुमारास त्यांना उठवायला जाताना मी दिवा लावला, आणि भिंतीच्या कडेने पाय घासत गेलो.

पहाटे कापशाने मेथीचे एक पान ओढले. बाई "खाल्लं, खाल्लं" म्हणत सुनेला उठवायला गेल्या.

आता आमच्या घरी अंधारात कोणी चालत नाही. जमिनीलगत छोटे दिवे लावले आहेत; दारे ढकलण्यापूर्वी मागे पाहण्याची सवय पाहुण्यांनाही लागली आहे. परवा दुकानात माझ्या पायाशी मुंग्यांची रांग दिसली आणि मी थबकलो, तेव्हा हमाल हसला.

पिंजरा दिवाणखान्यातच आहे. त्यात गवत घातले आहे, आणि दुपारच्या उन्हात कापशा आपण होऊन आत जाऊन झोपतो. दार मी बिजागऱ्यांसकट काढले. बाई गच्चीवर पापड वाळत घालतात, तेव्हा कापड उडू नये म्हणून ते वर ठेवतात.