कूलरच्या मागची जागा

एप्रिलच्या मध्याला मागच्या खिडकीत कूलर बसतो आणि त्याच दिवशी तर्री आपला मुक्काम हलवते. पुढच्या पायरीजवळचं पोतं सोडून ती कूलरच्या मागे जाते. तिथे टाकीतून थेंब थेंब पाणी गळत असतं. ही गळती जुनी आहे. दर वर्षी मिस्त्री यायचा, काहीतरी लेप लावायचा, पैसे घेऊन जायचा आणि आठ दिवसांत पाणी पुन्हा ठिबकायला लागायचं. आता मी त्याला बोलावणंच सोडलं आहे. त्या गळतीवर एका जिवाचा उन्हाळा निघतो.

जागा लावायची तिची रीत ठरलेली. आधी पुढच्या दोन्ही पायांनी वरची तापलेली माती मागे भिरकवायची. धुतलेल्या चादरीवर पडली तर पडू दे. चार बोटं खोल गेलं की नाक लावून पाहायचं. पटलं नाही तर आणखी दोन बोटं. मग स्वतःभोवती अडीच फेऱ्या मारायच्या आणि पोट टेकवून मागचे पाय बेडकासारखे पसरायचे. पोटावर तिला केस जवळजवळ नाहीतच. गार माती तिथेच लागायला हवी, हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

नाव तर्री, कारण रंग तर्रीचा. नागपूरबाहेरच्या पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागतं की बाबा, पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, तो हा. जात विचाराल तर रस्ता. तिच्या आज्या-पणज्यांनी याच गावातले 45 अंशांचे मे महिने गाड्यांखाली आणि नाल्याकाठी काढले असतील. उन्हाचं शहाणपण तिच्याकडे होतं. नव्हतं ते माझ्याकडे.

ती वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. दिवसभर घरात डांबल्यामुळे ती चपला कुरतडत होती, आणि मला वाटलं, बिचारी कंटाळली आहे, जरा खेळवू. मे महिना, सकाळचे साडेनऊ. दहाच मिनिटं, असं म्हणून मी अंगणात चेंडू फेकायला लागले. काय धावली! मी फेकत होते, ती आणत होती. बाराव्या की पंधराव्या वेळी चेंडू तोंडात घेऊन ती अर्ध्या वाटेतच बसली. मी टाळ्या वाजवल्या. ती उठली, दोन पावलं तिरपी चालली आणि पुन्हा बसली. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन बाहेर, हिरड्या जास्वंदीसारख्या लाल.

कुंपणापलीकडच्या काकू पापड राखत बसल्या होत्या. “काय करून रायले तुम्ही? जीव घेता का तिचा?” असं ओरडत त्या फाटक उघडून आतच आल्या. त्यांनी नळ सोडला, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहिल्या. मी टेबलफॅन बाहेर ओढला. दवाखान्यात पोचलो तेव्हाही थर्मामीटर 105 दाखवत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “चेंडू कोणाला खेळायचा होता?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून मनातल्या मनात देत असते. चेंडू फेकला की धावायचं, हे तिच्या रक्तातच आहे. पुरे म्हणायचं काम आपलं. चक्कर येईपर्यंत कुत्रं ते म्हणणार नाही. आपण घामाने थबथबलो की सावलीला जातो. तिचा घाम काय तो पंजाच्या गाद्यांपुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर.

तो चेंडू आता माळ्यावर आहे. दिवाळीनंतर खाली येतो.

मग उन्हाळ्यात तिला बाहेर रमवायचं कसं? मी बरेच उद्योग केले. कडुनिंबाखाली दोन हात लांब-रुंद खड्डा खणून त्यात कन्हानची रेती भरली. काकूंना ते मुळीच पटलं नाही. “लोकायले घर बांधाले रेती भेटत नाही, अन्‌ तुम्ही कुत्रीले गादी करून रायल्या!” पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “मंग, बसते का?” बसत नव्हती. कोरड्या रेतीकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. सकाळी दोन बादल्या पाणी मुरवायला लागले, तेव्हा ती आली. पाण्याचीही एक गंमत आहे. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं कढत येतं. ते आधी बादलीत काढून ठेवायचं, फडकी धुवायला. हात घालून पाहिल्याशिवाय तिच्या अंगावर पाइप धरायचा नाही.

त्या ओल्या रेतीत मी वस्तू पुरायला लागले. गाजराचा तुकडा, काकडीचं टोक, शिळ्या पोळीचे कुटके, एखादी नारळाची शेंडी. एक जुनं गोणपाट भिजवून त्याच्या घड्यांतही लपवते. आठवड्यातून दोनदा स्टीलच्या वाटीत पातळ, बिनमिठाचं ताक गोठवून त्याची चकती तिच्यापुढे टाकते. चकती फरशीवर घसरते, ती पंजाने थोपवते, पुन्हा घसरते. टरबुजाचा लाल गर, बिया आणि साल काढून. आंब्याची कोय मात्र चुकूनही नाही. घशात किंवा आतड्यात अडकली तर पोट फाडायची वेळ येते. म्हणून रसाच्या दिवशी मी कोयी मोजून बाहेर टाकते. पाहुण्यांना वाटतं, किती हिशेबी बाई.

या सगळ्यात धावणं कुठेच नाही, हे माझ्याही उशिराच लक्षात आलं. आहे ते नाकाचं काम. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात 50-60 लाख. कुत्र्याच्या नाकात त्या 10 कोटींच्याही वर असतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा आणि पणी यांचा संवाद आहे. देवांची ही कुत्री पळवलेल्या गायींच्या शोधात रसा नदी ओलांडून पणींच्या दारात उभी राहते. कोणत्या महिन्यात निघाली ते तिथे सांगितलेलं नाही. वैशाख नक्की नसणार. कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला धड वास घेता येत नाही. हुंगायचं तर तोंड मिटावं लागतं, आणि अंग तापलं की तोंड उघडावंच लागतं. दोन्ही एकदम होत नाही. ऊन तिचे पाय बांधून ठेवतं, हे आपल्याला दिसतं. ते तिचं नाकही बंद करतं, हे दिसत नाही. चपला कुरतडणारी तर्री कंटाळली होती ती बहुधा यामुळेच. जग होतं तिथेच होतं, पण त्याचा वास येईनासा झाला होता.

तेव्हापासून मी तिच्या तोंडाकडे पाहते. उघडं असेल तर कसलाही खेळ नाही. सावली, पाणी आणि वाट पाहणं.

काकूंच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. औदुंबराखाली दत्त, मागे गाय, पायाशी चार कुत्री. चार वेद म्हणतात त्यांना. परवा निरखून पाहिलं, तर चारही सावलीत आणि एकाच्याही तोंडात चेंडू नाही. मी हे काकूंना म्हटलं, तर त्यांनी तसबिरीला हात जोडले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

नवतपा लागला की दिवस दोन टोकांना जातो. सूर्य रोहिणीत शिरल्यापासूनचे ते 9 दिवस, 25 मेपासून पुढचे. साडेपाचला ऊन उगवतं, म्हणून आम्ही पाचच्या आत बाहेर. रात्री आठपर्यंत डांबर निवत नाही. उपडा तळहात रस्त्यावर टेकवायचा आणि मनात पाच-सात आकडे मोजायचे. हात उचलावासा वाटला तर परत घरी. मला रस्त्यावर ओणवी बसलेली पाहून एका स्कूटरवाल्याने एकदा विचारलंही, “काही पडलं का ताई?”

मधले तास दुपारचे. कडुनिंबात तांबट ठोकत असतो, टुक् टुक् टुक्, तासन्‌तास एकाच लयीत. तर्रीच्या पाण्याच्या मातीच्या कुंड्यावर सातभाई येतात. येतात ते भांडतच. त्यांना वाटतं, कुंडं त्यांचं आहे आणि ही लाल बया तिथे उगाच लोळते. एक जण कडेवर बसून पाणी पितो, बाकीचे पाच-सहा तिला शिव्या घालतात. ती उठत नाही. एक डोळा उघडते, कान तेवढा त्यांच्या दिशेने वळवते आणि पुन्हा मिटते. मी खिडकीतून पाहत असते. हा तिचा करमणुकीचा कार्यक्रम आहे आणि त्यात माझं काहीएक काम नाही.

सहा वाजता मी अंगणात सडा घालते. आईकडे असताना ते काम वाटायचं. आता तर्रीमुळे त्यात जीव आला आहे. पहिला तांब्या पडतो तेव्हा ती कूलरमागेच असते, कुशीवर, तोंड उघडं, बरगड्या भरभर हलताहेत. दुसरा, तिसरा. तापलेल्या मातीतून वाफ येते, मग तो वास. ती कान टवकारते. उठते, अंगावरचा वाळलेला चिखल फडफडून झाडते आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर येऊन उभी राहते. जीभ अजून बाहेर. मी तांब्या हातात धरून थांबते. फाटकापाशी दिवसभरात कोण कोण येऊन गेलं, दूधवाला, काकूंची मांजर, एखादं परकं कुत्रं, ते सगळं त्या ओलीतून वर येत असणार.

जीभ आत जाते. तोंड मिटतं. नाकपुड्या थरथरतात, आणि ती खाली मान घालून फाटकाकडे चालू लागते, अगदी सावकाश, इंच इंच वाचत.