बर्लिनमध्ये गाडी रिझर्व्हला लागली

पन्नास युरो. रक्कम फार मोठी नाही आणि बर्लिनहून परतल्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. तरी जर्मन लोकांच्या सचोटीचं कुणी कौतुक केलं, की प्रस्तुत लेखकाला ते पन्नास युरो आठवतात. पत्नी टेबलाखालून पाय मारते. तो थांबत नाही.

मुलगी नोकरीनिमित्त तिकडे असते, आई-बाबा महिनाभर राहायला गेले, यात सांगण्यासारखं काही नाही. निम्मं पुणं सध्या हेच करतं. संग्रहालयं पाहून पाहून बाबांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलीने ट्राबांटची सफर भेट दिली. गाडी भाड्याने घ्यायची, स्वतः चालवायची. चार-पाच गाड्यांचा ताफा निघतो, सर्वांत पुढच्या गाडीत गाइड असतो आणि तो वॉकीटॉकीवरून शहर दाखवतो. पुण्याच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना खिशात होताच.

ट्राबांट, लाडाचं नाव ट्राबी, ही पूर्व जर्मनीची गाडी. १९५७ साली, स्पुटनिक आकाशात गेला त्याच वर्षी, त्स्विकाऊ शहरात ती बनू लागली आणि म्हणून नावही उपग्रहाचंच. १९९१च्या एप्रिलअखेर शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर आकडा तीस लाखांवर गेला होता. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पहिल्या मारुती ८००पेक्षा वीतभर जास्त. पोलादाचा तुटवडा असल्यामुळे वरचे पत्रे पत्र्याचे नाहीतच. कापसाच्या गिरणीतला टाकाऊ कापूस राळेत भिजवून साच्यात दाबलेला. बोनेटवर टिचकी मारली तर स्वयंपाकघरातल्या मेलामाइनच्या ताटासारखा आवाज येतो. लेखकाने दोनदा मारून पाहिली. गाइडने दुसऱ्यांदा बघितलं.

लेखकाच्या वाट्याला आलेली गाडी बिबट्यासारखी ठिपकेदार रंगवलेली होती. एकसष्टाव्या वर्षी माणसाने बिबट्यात बसावं का, हा वेगळा विषय.

किल्ली फिरवली आणि मागून निळसर धूर सुटला. तो वास! टू-स्ट्रोक इंजिन, सहाशे सीसीच्याही आतलं, सव्वीस अश्वशक्तीचं, पेट्रोलमध्येच ऑइल कालवलेलं. पुढचं अर्धं मिनिट लेखक बर्लिनमध्ये नव्हताच. तो सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या बोळात होता, वडील चेतक तिरकी करून किक मारत होते आणि आई आतून ओरडत होती, ‘अहो, धूर घरात येतोय!’

त्या स्कूटरची पावती वडिलांनी फाडली तेव्हा लेखक पहिलीत होता आणि स्कूटर दारात आली तेव्हा आठवीत. बजाजचा आकुर्डीचा कारखाना घरापासून वीस किलोमीटरही नसेल. पण तेवढं अंतर कापायला त्या स्कूटरला सात वर्षं लागली. शेजारच्यांचा भाऊ अमेरिकेत होता, त्याने डॉलर पाठवले आणि त्यांना ती वर्षभरात मिळाली. वडील हे गेले तोपर्यंत विसरले नाहीत. पन्नास युरोचं वळण कुठून आलं, ते वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

पूर्व जर्मनीतही अगदी तेच होतं. ट्राबीसाठी दहा-दहा, काही ठिकाणी त्याहून जास्त वर्षं थांबावं लागे. चालू स्थितीतली जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई, कारण ती लगेच मिळत असे. आणि पश्चिमेत नातेवाईक असेल, त्याने ‘गेनेक्स’ या सरकारी दुकानाच्या यादीतून पश्चिमेच्या मार्कांत पैसे भरले, तर रांग नाही. लेखकाला हे वाचून माहीत होतं. गाइडने यातलं काही सांगितलं नाही. त्याने विनोद सांगितले.

ट्राबीची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी भरा. असे आठ-दहा. मुळात हे विनोद पूर्वेकडच्याच लोकांनी रचलेले, स्वतःच्याच गाडीवर, रांगेत उभं राहून. पंचविशीच्या, भिंत पडल्यानंतर जन्मलेल्या पोराने पर्यटकांना वॉकीटॉकीवरून ते ऐकवणं वेगळं. मागच्या गाडीतली कॉलेजची मुलं खो खो हसत होती.

चेकपॉइंट चार्लीच्या बाजूने ताफा निघाला. स्टीअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा, गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची, चौथ्या गिअरमध्ये पाय काढला की इंजिनाचा रोध शून्य, गाडी नुसतीच घरंगळते. पत्नी ‘डावीकडे जाताय, डावीकडे जाताय’ एवढंच म्हणत होती. ईस्ट साइड गॅलरीपाशी वेग कमी झाला. भिंतीचा उरलेला सव्वा किलोमीटर आणि त्यावर चित्रं. त्यात बिर्गिट किंडर यांची ट्राबी, भिंत फोडून अंगावर येणारी, नंबरप्लेटवर नोव्हेंबर ९, ८९. चित्रात भिंतीला भगदाड पडलंय आणि गाडीला ओरखडाही नाही.

तिथून कार्ल-मार्क्स-आले. पूर्वी हा स्टॅलिनच्या नावाचा रस्ता होता. १९५३च्या जूनमध्ये इथल्याच बांधकाम मजुरांनी काम वाढवण्याविरुद्ध संप केला आणि रणगाडे आले. दोन्ही बाजूंना कामगारांसाठी बांधलेले महाल. हे बघता बघता श्ट्राउसबर्गर प्लाट्झचा फवाऱ्याचा गोल आला आणि बरोबर गोलाच्या मध्यावर बिबट्याने आचके दिले. एक, दोन, तीन. मग गप्प.

मागून हॉर्न. एक बस. वॉकीटॉकीवर गाइड: क्लच नीट दाबा. दाबला. चोक ओढू नका, इंजिन पेट्रोलने भरलंय. चोक ओढलाच नव्हता. मग जरा चढ्या आवाजात, पाचही गाड्यांना ऐकू जाईल असा: ‘बिबट्यावाल्या साहेबांना ही गाडी जमत नाहीये, सगळ्यांनी बाजूला थांबा.’ मागच्या गाडीतून पुन्हा तेच हसू.

ज्या माणसाने टू-स्ट्रोकवर वीस वर्षं काढली, त्याला हा आचका माहीत असतो. इंजिन भरलं की वास येतो, घुसमट होते. पेट्रोल संपत आलं की गाडी अशीच, उचकी लागल्यासारखी, पुढे-मागे हिसके देते. या ट्राबीला पेट्रोलचा काटा नाही. पट्टी बुडवून बघायचं. निघताना गाइड म्हणाला होता, टाकी भरलेली आहे, डॅशबोर्डखाली काही हलवू नका.

‘अगं, तुझ्या पायाशी एक कॉक असेल. रिझर्व्हचा.’

पत्नीने एके काळी सांगलीत लूना चालवली आहे. तिने पर्स मागे टाकली, वाकली, चाचपडली आणि म्हणाली, ‘आहे. घट्ट आहे.’ मग साडीचा पदर कॉकवर धरून फिरवला. ट्राबीची टाकी इंजिनाच्या वरच, बोनेटखाली असते, पंप वगैरे भानगड नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. लेखकाने मनात दहापर्यंत मोजलं, वडील मोजायचे तसं. किल्ली फिरवली. धूर. चालू.

वॉकीटॉकीवर कुणी काही बोललं नाही.

गाडी परत दिल्यावर काउंटरवरच्या बाईंनी अनामतीतून पन्नास युरो कापले: क्लचचा गैरवापर. लेखकाने कॉक, आचके, रिकामी टाकी, सगळं सांगितलं. गाइड बाजूलाच उभा होता. टाकीत पट्टी घालून बघा, एवढंच मागणं होतं. त्याने खांदे उडवले. बाईंनी छापील अटींवर बोट ठेवलं. पट्टी कुणी घातली नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा, सोडा ना.’ ते सोडा ना पन्नास युरोपेक्षा जास्त लागलं.

कुणाला अशी सफर करायचीच असेल, तर निघण्याआधी टाकीत पट्टी स्वतः घालून बघावी आणि फोटो काढावा. खरं तर करूच नये. लोकांच्या अभावाला ठिपके रंगवून पर्यटकांना फिरवायचं, यात मजा कसली? उद्या आकुर्डीच्या स्कूटर गुलाबी रंगवून कुणी शनिवारवाड्याभोवती फिरवल्या आणि वर किकवरून विनोद केले, तर आपल्याला चालेल? लेखकाने हे पत्नीला ऐकवलं. ती म्हणाली, ‘चालेल की. मी पहिली बसेन.’

त्याच रात्री घरी शर्ट काढताना त्याला तो वास आला, ऑइल-पेट्रोलचा. शर्ट धुवायला टाकायचा होता. दोन दिवस खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

पुण्याला आल्यावर त्याने तक्रारीचा ईमेल पाठवला, दीड पानी, कॉकच्या आकृतीसकट. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पैसे परत नाहीत. पण गैरसोयीबद्दल पुढच्या सफरीवर दहा टक्के सवलतीचं कूपन, मुदत दोन वर्षं. त्याने ते मुलीला दाखवून भरपूर बडबड केली. मुदत संपायला अजून सहा महिने आहेत, हे त्याला तारखेसकट पाठ आहे. कूपन त्याने अजून डिलीट केलेलं नाही.