आजी नावाची गाडी

आपल्या शाळेच्या भोजनगृहामागे, कडुनिंबाच्या सावलीत एक पांढरी बोलेरो पिकअप उभी असते. मुलांना भेटावयास येणाऱ्या पालकांनी ती अनेकदा पाहिली असेल. मुले तिला 'आजी' म्हणतात, कारण आज पाचवीत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलापेक्षा ती वयाने मोठी आहे. २०११ सालची ही गाडी आम्ही पाच माजी विद्यार्थ्यांनी २०१८ च्या दिवाळीत वर्गणी करून विकत घेतली आणि संस्थेच्या स्वाधीन केली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने तिच्याविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा चार कौतुकाचे शब्द लिहून मोकळे होता आले असते. परंतु या गाडीच्या बाबतीत आमच्या हातून एक गंभीर चूक घडली आहे. ती शाळेच्या पानांवर नोंदविली जावी, ही आमची इच्छा आहे.

आम्ही पाचही जण १९९९ साली दहावी झालो. पाचवीत वसतिगृहात येऊन चार महिने होत नाहीत तोच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उगवली आणि किल्लारीच्या भूकंपात आमच्यातील दोघांची घरे गेली. त्यानंतर वसतिगृह हेच घर झाले. सहा वर्षांत सहल एकच घडली, आठवीत असताना, वेरूळची. एसटीच्या भाड्याची सोय न झाल्याने निम्मी तुकडी मागेच राहिली. जे गेले त्यांना दहाव्या क्रमांकाचे लेणे अजून आठवते. दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या असल्यामुळे लोक त्याला 'सुतार झोपडी' म्हणतात. कारागिराच्या नावाने ओळखले जाणारे ते लेणे गुरुजींनी आम्हांला फार वेळ दाखविले. त्याच संध्याकाळी त्यांनी बाबासाहेबांच्या दोन प्रवासांची हकिगत सांगितली.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांत त्या दोन्ही हकिगती आहेत. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी दाराजवळच्या हौदाचे पाणी घेतले आणि पाणी बाटविल्याचा गलका उठला. अखेर कोठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. दुसरी हकिगत १९२९ ची, चाळीसगावची. स्टेशनवरून त्यांना वस्तीकडे नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. लगाम वस्तीतील ज्या माणसाने हाती घेतला, त्याने यापूर्वी टांगा कधी हाकलेला नव्हता. पुलावर अपघात होऊन बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

गुरुजी म्हणाले होते, "बाळांनो, वाहन आपलं असावं हे खरं, पण ते चालवण्याची विद्याही आपल्याला यावी." पुढे आमच्यातील एक जण एसटीच्या आगारात यांत्रिक झाला, एकाने वेल्डिंगचे दुकान टाकले, एक वीजजोडणीची कामे घेऊ लागला, एक शिक्षक झाला आणि एक बँकेत लागला. वीस वर्षांनी एकत्र जमलो तेव्हा शाळेला काय द्यावे, यावर फारशी चर्चा करावी लागली नाही. मुलांनी लेणी, किल्ले, नद्या पाहाव्यात, उघड्यावर तंबूत राहावे आणि त्यासाठी लागणारे सामान वाहणारी गाडी शाळेची असावी, असे ठरले. नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेर होती.

जुनी गाडी घेताना कागद आधी पाहावेत, हे आमच्या बँकेतील मित्राने शिकविले. आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे काय, विमा आणि पासिंग चालू आहे काय, चेसीसवर ठोकलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळतो काय, हे त्याने एकेक करून तपासले. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहिले. धूर काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, निळा असेल तर ऑइल जळते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी, हे आगारातील मित्राचे ज्ञान. इंजिन चांगले निघाले. एक गोष्ट मात्र सर्वांच्या नजरेतून सुटली. गाडी आधी खताच्या पोत्यांची वाहतूक करीत असे. खत सांडते, ओल धरते आणि लोखंड खाते. हौद्याच्या पत्र्याला वरून नवा रंग होता, खाली गाडी उचलून पाहिली तेव्हा आडव्या पट्ट्या बोटाने दाबल्या तरी पापुद्रे सुटत होते. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण वाकून पाहण्याचे काम आमचेच होते.

पुढचे तीन महिने प्रत्येक रविवार वेल्डिंगच्या दुकानात गेला. सडलेल्या पट्ट्या कापून नव्या बसविल्या, चेसीस तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग दिला. मागच्या कमानपाट्यांतील एक पान तडकलेले होते, ते बदलले. शॅकलचे बुश, रेडिएटरचे पाइप, डिझेल आणि हवेचे फिल्टर, पुढचे दोन टायर हे सारे नवे आले. वायरिंगचे उघडे जोड काढून त्यांना फ्यूज दिले.

काय करावयाचे नाही, हेही तेव्हाच ठरले. तरुण मुलांना चित्रांतल्यासारखी उंच केलेली, रुंद टायरांची, पुढे लोखंडी बंपर लावलेली गाडी हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत असे मनमानी फेरफार करता येत नाहीत, आणि पुढच्या अशा बंपरांवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणलेली होती. शिवाय उंच केलेली गाडी वळणावर अधिक कलते. म्हणून आम्ही गाडीला हात न लावता हौद्यात काढघाल करता येतील अशा लाकडी पेट्या केल्या. एकीत तंबू आणि दोर, दुसरीत भांडी आणि शेगडी, तिसरीत औषधे, जॅक, पाने, फावडे. पाण्यासाठी २०० लिटरची टाकी केबिनच्या पाठीशी, अगदी तळाला बांधली, कारण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि ते उंचावर हिंदकळू देणे धोक्याचे असते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील मुलांनी शिबिराला जाताना आपले पाणी आपण न्यावे, यजमान गावाच्या विहिरीवर भार टाकू नये, हा नियम त्यातूनच आला. दौलताबादची हकिगत ऐकलेल्या मुलांना या नियमाचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही.

पहिले शिबिर जानेवारी २०१९ मध्ये औसा तालुक्यातील खरोशाच्या लेण्यांजवळ झाले. जांभ्या दगडात कोरलेली, सुमारे सहाव्या शतकातील ती लेणी आपल्याच जिल्ह्यात असूनही मुलांपैकी कोणीच पाहिलेली नव्हती. पावसाळ्यानंतर कंधारचा किल्ला आणि जगत्तुंग सागर झाला. परतताना अवकाळी पाऊस आला आणि शेतरस्त्यावर काळ्या मातीने आजीचे पाय धरले. ओली काळी माती चाकांच्या कमानीत थापली जाते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. अशा वेळी रेस वाढविली की गाडी अधिकच रुतते. माती फावड्याने काढून, चाकांखाली तुराट्या आणि बारदाने घालून, दुसऱ्या गिअरमध्ये हळू गाडी काढावी, हे शेजारच्या शेतातील एका मामांनी शिकविले. ते बैलजोडीही घेऊन आले होते, तिची गरज पडली नाही.

आता त्या चुकीविषयी. डिसेंबर २०१९ मध्ये शिबिर पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यापाशी होते. मुले भाड्याच्या बसने आणि सामान पिकअपने, अशी नेहमीची व्यवस्था होती. परतताना इस्लापूरच्या पुढे बस बंद पडली. अंधार पडू लागला होता, थंडी होती. दुसरी बस यावयास तीन तास लागणार होते. आम्ही सामान बसपाशी उतरविले आणि बावीस मुले हौद्यात बसविली. पुढच्या मोठ्या गावापर्यंतच जावयाचे, हळू जावयाचे, असे एकमेकांना बजावले. मालवाहू गाडीत माणसे बसविणे कायद्याने गुन्हा आहे आणि अशा प्रवाशांना विम्याचेही संरक्षण नसते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

एका उतारावर ब्रेकचे पेडल तळाला गेले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबल्यावर थोडा जोर मिळाला. आमच्या आगारातील मित्राने गिअर उतरवीत, हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या मुरुमावर घेतली. हौद्यात मुले गाणी म्हणत होती. त्यांना काहीच कळले नाही. खाली उतरून पाहिले तर मागच्या डाव्या चाकाच्या आतून ब्रेक ऑइल ठिबकत होते. चाकातील सिलिंडरचे रबर गेले होते. महिन्याभरापूर्वी त्या जागी ओल दिसली होती आणि 'शिबिरानंतर बघू' असे आम्हीच म्हटले होते. मुलांना रस्त्यापासून दूर शेकोटीभोवती बसवून आम्ही दुसऱ्या बसची वाट पाहिली. त्या तीन तासांत आम्ही पाच जण एकमेकांशी फारसे बोललो नाही.

२६ जानेवारीच्या पालक सभेत आम्ही हे सांगितले. काही पालक म्हणाले, काही झाले नाही ना, मग कशाला त्याचे एवढे. मागे बसलेल्या एक माउली उठल्या. हात जोडूनच त्यांनी विचारले, "दादा, तुमची सोताची लेकरं असती तर बसवली असती का हो मागं?" सभेत कोणी काही बोलले नाही. आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरे उत्तर असे होते की, आपण वसतिगृहाच्या मुलांसाठी पुष्कळ करीत आहोत, या समाधानाने आमची नजर मंद झाली होती. उपकार करणाऱ्याला आपण नियमाच्या वर आहोत असे वाटू लागते. धम्मात ज्याला अप्रमाद म्हणतात, त्याचे पाठ आम्ही याच शाळेत घेतले होते.

त्या सभेनंतर तीन गोष्टी ठरल्या. हौद्याच्या फाळक्यावर आतून अक्षरे रंगविली: 'येथे माणसे बसणार नाहीत.' दुसरी, बस बंद पडली तर दुसरी बस येईपर्यंत थांबावयाचे, म्हणून पेट्यांत ब्लँकेट आणि रात्रीचा शिधा जादा ठेवला जातो. तिसरी, गाडीची वही. दर शनिवारी इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, टायरमधील हवा पाहून वहीत नोंद होते. ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायर यांच्यापुढे एक जरी शंकेची खूण असली, तरी दुरुस्तीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. त्या खुणेवर कोणाचाही, मुख्याध्यापकांचाही, आदेश चालत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि गाडी कित्येक महिने जागेवर उभी राहिली. परत आलो तेव्हा बॅटरी मेलेली, टायर एका बाजूला दबलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. वापरून गाडी झिजते हे माहीत होते; न वापरताही ती झिजते, हे तेव्हा नीट कळले. वीजजोडणीच्या मित्राने सारे वायरिंग पुन्हा केले. यावेळी नववीची चार मुले आणि तीन मुली मदतीला होत्या. शनिवारची तुकडी तेथून सुरू झाली.

या तुकडीतील एका मुलीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. चाकाचे नट तपासताना ती प्रत्येक नटावर हात ठेवून जाई. एकदा तिने वहीत लिहिले, 'मागील उजवा, तिसरा नट: हाताला वेगळा लागतो.' आम्ही पाना लावला, नट घट्टच होता. तरीही तिने खूण पुसली नाही. चाक उतरविल्यावर दिसले की त्या जागचा बोल्ट आटे जाऊन तिरपा बसला होता. आज ती नांदेडला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करीत आहे. सुट्टीत आली की प्रथम वही मागते.

२०२६ मध्ये आजीला पंधरा वर्षे पूर्ण होतील. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागतेच. पंधरा वर्षांनंतर त्याचे शुल्क पुष्कळ वाढते. गाडी ठेवावी की बदलावी, याचा निर्णय शनिवारच्या तुकडीने वही पाहून सुचवावा, असे आम्ही संस्थेला विनविले आहे. निर्णय काहीही झाला, तरी फाळक्यावरची ती ओळ नव्या गाडीवरही रंगविली जावी.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. देणगीचे आवाहन या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. आपण एखाद्या शनिवारी सकाळी आठ वाजता कडुनिंबाखाली या. ज्याला जे काम येते ते मुलांना दाखवा, ज्याला येत नाही त्याने कंदील धरावा. येताना जुने कपडे घालून यावे, ग्रीसचे डाग निघत नाहीत.