लकाकी आणि बळ

समुद्राकाठच्या गावात लोखंडाला आयुष्य कमी. वसईच्या किनाऱ्यावरील आमच्या गावात खारा वारा दारांच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, कशालाच सोडीत नाही. आमची मोटारसायकल तरी त्याला अपवाद कशी असणार? आजाऱ्यांच्या घरी रात्री-अपरात्री जाताना तीच आमची सोबतीण. तिच्या बोल्टांवरील जस्ताचा मुलामा उडून तांबूस गंज दिसू लागला, तेव्हा आम्ही स्टेनलेस स्टीलचे सुटे बोल्ट विकत आणले आणि ते स्वतःच चकचकीत करावयाचे ठरविले.

या पोलादाची कथा मोठी बोधक आहे. १९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवे पोलाद शोधीत होते. हाती आले ते न गंजणारे पोलाद, आणि त्याच्या सुऱ्या जेवणाच्या टेबलावर गेल्या! या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो. तो खरवडला तरी पुन्हा आपोआप धरतो. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितके मीठ व मळ त्यावर कमी टिकतात. म्हणजे पॉलिश ही केवळ हौस नव्हे.

दुपारच्या विश्रांतीचा वेळ आम्ही या कामाला दिला. बोल्टाच्या डोक्यावर उठावाची अक्षरे असतात. ती प्रथम कानशीने काढली. मग काचेवर वॉटर पेपर पसरून, पाणी शिंपडून, डोके घासावयाचे. आधी २४० नंबर, मग ४००, ८०० आणि १२००. दर वेळी घासण्याची दिशा बदलावयाची, म्हणजे आधीच्या रेषा उरल्या आहेत की नाही ते कळते. येथे घाई उपयोगाची नाही. २४० च्या राहिलेल्या रेषा १२०० नंतरही दिसतात. उलट, अधिकच उठून दिसतात. शेवटी बफिंगच्या सुती चाकावर मसाला लावून झिलई. बोल्ट तापतो, हातातून उडतो. म्हणून तो पकडीत धरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

पंधरा दिवसांत वर्तमानपत्रावर चाळीस बोल्ट आरशासारखे चमकू लागले. आम्हांला धन्यता वाटली. त्यांतील दोन आम्ही पुढच्या ब्रेकला बसविले आणि आठ दिवस हिंडलो. मागच्या सीटवर कधी शेजारचा शाळकरी मुलगाही असे.

पुढे एकदा गाडी गावातील मिस्त्रींकडे नेली. वयाने वडील, बोलणे मोजके. ब्रेककडे पाहून ते म्हणाले, “फादर, हे बोल्ट कोणत्या नंबरचे?”

आम्ही निरुत्तर झालो. तो नंबर आम्हीच कानशीने घालविला होता.

मिस्त्रींनी समजावून सांगितले. स्टेनलेस बोल्टावर ‘ए२-७०’ असे असते. त्यातील ७० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन ताण सोसण्याची ताकद. ५० असेल तर ५००. ब्रेकचा बोल्ट ८.८ किंवा त्याहून वरचा लागतो, ८.८ ची ताकद ८००. शिवाय ८.८ चा बोल्ट ६४० पर्यंत कायमचा ताणला जात नाही. ए२-७० मात्र ४५० लाच हार मानतो. “चमक पाहून ब्रेक लागत नाही, फादर,” एवढेच ते म्हणाले आणि पान्हा हाती घेतला.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. तो मुलगा डोळ्यांसमोर येत होता. काही घडले नाही, ही आमची कर्तबगारी नव्हती.

आमचे चकचकीत बोल्ट आता नंबरप्लेट आणि बाजूच्या झाकणांवर आहेत. मिस्त्रींच्या सांगण्यावरून आट्यांना ग्रीस लावले आहे. नाहीतर ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस रुतून बसते. ब्रेकवर मात्र ८.८ चे काळपट बोल्ट आहेत. त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. वर्षातून एकदा आम्ही ते तपासतो, गंजले असतील तर बदलतो, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी डोक्यावरील अंक एकदा वाचून घेतो.