थिनरचा बोळा

साताऱ्यातल्या त्या दुरुस्तीवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. रेडिओ आजोबांचा, सांगलीच्या घरातला. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर सगळ्यांना ठाऊक आहे; त्यात तो भिजला. व्हॉल्व्ह मिळतील का, एवढंच विचारायला मी दुकानात गेलो होतो.

गाळ मी घरीच काढला होता. कॅबिनेट बॅकेलाइटचं. ते अंगठ्याने कळतं: एका जागी गरम होईस्तोवर घासायचं आणि लगेच हुंगायचं. कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला की समजावं. तापलेली सुई टोचून बघा म्हणणारेही भेटतात. त्यांच्या हातात वस्तू देऊच नये. बॅकेलाइट वितळत नाही, पण त्यात बहुधा लाकडाचा भुसा घातलेला असतो. वरची चकाकी झिजली की तो पाणी पितो. म्हणून भिजत घालायचं नाही. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. समोरची पारदर्शक पट्टी मात्र पॉलिस्टायरिनची, टिचकी मारली की खणखणणारी. तिला साबणाच्या कोमट पाण्यापलीकडे काही लावायचं नसतं.

हे मी सांगतोय तोवर त्याने थिनरचा बोळा पट्टीवर फिरवलासुद्धा! पट्टी आधी चिकट झाली, मग दुधाळ, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरल्या. “जुना माल हाय साहेब, तडकणारच,” म्हणाला. वर पॉलिशचे पैसे लावले. पॉलिशचे!

त्या पट्टीवर २४० मीटरजवळ एक लाल ठिपका होता. आकाशवाणी सांगली सुरू झाली १९६३ साली. रेडिओ त्याआधीचा, त्यामुळे छापलेल्या गावांत सांगली नाही. आजोबांनी आत्याच्या नेलपॉलिशने खूण केली होती. ती बोळ्याबरोबर गेली.

घरी भिंग लावून पाहिलं, तर ठिपक्याच्या जागी बारीक खड्डा. थिनर काय आणि नेलपॉलिश काय, पॉलिस्टायरिनला दोन्ही खातात. म्हणजे पट्टीची पहिली वाट आजोबांनीच लावली होती. त्याचं मात्र मला कौतुकच वाटतं. उघड पक्षपात आहे, असू दे.

मिरजेत अ‍ॅक्रिलिकची नवी पट्टी कापून देणारा एक जण मिळालाय. कापलेल्या कडेला स्पिरिट लागलं तर अ‍ॅक्रिलिकलाही चिरा पडतात, हे त्याला चिठ्ठीवर लिहूनच दिलंय.